ब्रिट्झच्या रो-हाऊसमध्ये अकरा महिने

बर्लिनच्या दक्षिण भागात, ब्रिट्झमध्ये हुफआयझेनझीडलुंग नावाची वसाहत आहे. मधली मोठी इमारत घोड्याच्या नालासारखी वळलेली, सुमारे 350 मीटर लांब, म्हणून हे नाव; जर्मनमध्ये हुफआयझेन म्हणजे घोड्याचा नाल. ब्रुनो टाऊट आणि मार्टिन वाग्नर या वास्तुरचनाकारांनी 1925 पासून ही वसाहत उभारली. एकूण 1963 घरं, त्यातली 679 रो-हाऊस. अशाच एका रो-हाऊसमध्ये आम्ही गेल्या ऑक्टोबरपासून भाड्याने राहतो.

सगळ्यात आधी रंगाबद्दल. पहिल्या महायुद्धानंतर घरांची भयंकर टंचाई होती, पैसा बेताचा. नक्षीकाम परवडणारं नव्हतं, तेव्हा टाऊटने रंगावर भिस्त ठेवली. गेरूसारखा तांबडा, पिवळा, पांढरा, गडद निळा. दारं आणि खिडक्यांच्या चौकटीसुद्धा वेगवेगळ्या रंगांच्या. फोटोत हे नुसतं छान दिसतं. त्याचा खरा उपयोग मला आई आली तेव्हा कळला. तिला जर्मन येत नाही, रस्त्यांची नावं उच्चारता येईनात, आणि रांगेतली घरं एका मापाची. पण तिसऱ्या दिवसापासून ती एकटी फिरून यायला लागली, दाराच्या रंगावरून घर ओळखून. नोव्हेंबरात चार वाजता अंधारून येतं, आभाळ आठवडा-आठवडा राखाडी असतं. तेव्हा कामावरून येताना ती तांबडी भिंत दिसली की मला खरंच बरं वाटतं.

घर अरुंद आहे. जिना इतका चिंचोळा की कपाट सुटं करून वर न्यावं लागलं. स्वयंपाकघरात दोघं उभे राहिले की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, आणि फोडणीचा वास थेट वरच्या खोल्यांत जातो. तरी कोंडल्यासारखं होत नाही, कारण खोल्यांना उजेड भरपूर आणि मागे लांबट बाग. मेथी-कोथिंबीर मेपासून घरचीच होती. खिडक्या जुन्या पद्धतीच्या, एकामागे एक अशा दोन तावदानांच्या. मधल्या फटीत हिवाळ्यात दूध आणि भाजी ठेवतो, फ्रिजवरचा भार हलका होतो.

आता अडचणीचं. वसाहत 1986 पासून संरक्षित आहे आणि 2008 पासून बर्लिनच्या आणखी पाच वसाहतींसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. त्यामुळे बाहेरून उष्णतारोधक थर लावून भिंतीचं रूप बदलायचं नाही, खिडक्यांची चौकट प्लास्टिकची करायची नाही, दार मनाला येईल त्या रंगाचं नाही. थंडीत जिन्यापाशी गारठा जाणवतोच. गरम पाण्याच्या पिशव्या आणि जाड पडदे हाच आमचा उपाय.

सुरुवातीला मला हा जाच वाटला. मत बदललं ते दाराचं खालचं लाकूड पावसाने फुगलं तेव्हा. घरमालकाने रंगाऱ्याला बोलावलं, आणि तो अंदाजाने रंग कालवत बसला नाही. या वसाहतीतल्या दारा-खिडक्यांच्या मूळ रंगांची नोंद आहे, त्यावरून नेमकी छटा ठरली. शंभर वर्षांपूर्वी सामान्य पगारदारांसाठी बांधलेल्या घराच्या दाराची इतकी काळजी कोणी घेतं, हे बघून मी उंबऱ्यात बराच वेळ उभी होते.

भाड्याने घ्यायचं मनात असेल तर घर हिवाळ्यातच बघा, तळघराची ओल हाताने तपासा आणि सोफा घेण्याआधी जिना मोजा. आम्ही करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला आहे.