ताप, सांधे आणि अंडकोषाची सूज एकत्र आली तर: ब्रुसेला की टीबी, आधी कुठली टेस्ट?

ताप जातो न जातो तोच परत येतो, कंबर नाहीतर गुडघा धरलाय आणि एका बाजूचा अंडकोष सुजलाय, असा माणूस आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात दवाखान्यात गेला की पावसाळ्यात आधी लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) बघतात, मग विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी होते, ती जरा पॉझिटिव्ह आली की टायफॉइडच्या गोळ्या सुरू. आणि सुजेचं बरेच जण लाजेने सांगतच नाहीत, डॉक्टरला खरी कामाची खूण तीच असते, सांगा हो.

पण दुखणं एकदम उठलं असेल, ओकाऱ्या होत असतील तर पुढचं वाचत बसू नका. अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो, साधारण ६ तासांच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं, सरळ सर्जन गाठा.

हळूहळू आलेलं असेल तर माझ्या मते आपल्याकडे मुख्य प्रश्न ब्रुसेला (गाई-बकऱ्यांकडून माणसाला लागणारा जंतूचा आजार) की टीबी हाच. ब्रुसेलात ताप चढतो-उतरतो, रात्री कपडे भिजतात, कंबरेच्या खालचा सांधा, खुबा, गुडघा दुखतो, अंडकोष काही दिवसांतच सुजून दुखायला लागतो पण लघवीला जळजळ बहुधा नसते. टीबी संथ असतो, अंडकोषामागे कडक गाठ लागते, दुखणं कमी, कधी कातडी फुटून पू येतो, सांधा बहुतेक एकच. मात्र घाम, वजन उतरणं, मणका धरणं हे दोन्हींत होतं, त्यामुळे नुसत्या लक्षणांवर ठरवू नका.

घरात गाई-बकऱ्या आहेत का, एखादी गाभडली होती का, वार हाताने काढली का, धारोष्ण दूध प्यायलात का? काही आठवडे, कधी काही महिने आधीचंही आठवा. उत्तर हो असेल तर आधी ‘रोज बंगाल’ आणि ‘ट्यूब टेस्ट’ या ब्रुसेलाच्या रक्ततपासण्या, ट्यूब टेस्टमध्ये १:१६० किंवा वर आलं (म्हणजे रक्तातलं पाणी १६० पट पातळ करूनही टेस्ट पॉझिटिव्ह) तर ब्रुसेलाचा संशय पक्का होत जातो, शिवाय अँटिबायोटिक चालू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं), आणि लॅबला ब्रुसेलाचा संशय आहे हे आधीच सांगायचं कारण हा जंतू सावकाश वाढतो आणि तिथल्या माणसांनाही लागू शकतो. घरात टीबीचा पेशंट असेल किंवा जुना खोकला असेल तर छातीचा एक्सरे, सकाळच्या लघवीची आणि सांध्यातल्या पाण्याची टीबी तपासणी आधी करा.

घाई का नको सांगतो. ब्रुसेलाला डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ६ आठवडे देतात, टीबीला ४ औषधांपासून सुरुवात करून किमान ६ महिने. रिफाम्पिसिन दोन्हीकडे आहे, म्हणजे टीबी असताना ब्रुसेलाचा कोर्स घेतला तर थोडं बरं वाटतं आणि जंतू रिफाम्पिसिनला दाद देईनासे होण्याची भीती. संशय फिटला नसेल तर डॉक्सीबरोबर जेंटामायसिनची इंजेक्शनं चालतील का ते डॉक्टरांना विचारा. सांध्यात स्टिरॉइड तर तोवर अजिबात नको.

बाकीचं थोडक्यात. जांघेत गाठ आणि थोड्या दिवसांचा ताप-सुजेचा अटॅक असेल तर हत्तीरोग, रक्त रात्रीचं घेतात. लघवीच्या वाटेतून स्राव, डोळे लाल, घोटा सुजलेला असेल तर क्लॅमिडिया (संबंधातून लागणारा जंतू). गाल सुजल्यावर आठवड्याभरात अंडकोष सुजला तर गालफुगी. सगळं निगेटिव्ह येऊन बीपी वाढलेलं, पाय बधिर असतील तर रक्तवाहिन्यांची सूज, हिपॅटायटिस बी तपासा आणि गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला नाहीतर कोल्हापूर-मुंबईला सांध्यांच्या तज्ज्ञाकडे जा.

ब्रुसेला निघाला तर तेच दूध पिणाऱ्या घरच्या सगळ्यांची टेस्ट करून घ्या, आणि गोठ्यातल्या जनावरांचं रक्त पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या.