शनिवारवाडा झाला की परत फिरू नका, कसब्यात शिरा

मागच्या महिन्यात कसबा पेठेतला रविवार सकाळचा हेरिटेज वॉक केला. अडीच तासांचा. वॉक चांगला आहे, जरूर करा, पण एक गोष्ट मला फार खटकली म्हणून सविस्तर लिहितेय.

कसबा म्हणजे मूळ पुणं. सदाशिव, नारायण वगैरे पेठा नंतर वसल्या. गाईड मुलगा तयारीचा होता, कसबा गणपतीला थांबून शेंदराचा तांदळा (म्हणजे घडीव मूर्ती नव्हे, शेंदूर लावलेला स्वयंभू दगड), जिजाऊ, ग्रामदैवत हे सगळं मनापासून सांगितलं त्याने. पण लाल महालापाशी पाऊण तास गेला!! १६६३, शाहिस्तेखान, बोटं... हे चौथीत वाचलेलं असतंच की आपण सगळ्यांनी. आणि तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, जेमतेम दहा मिनिटं, त्यात रविवार म्हणून बरीचशी दुकानं बंद.

मला काही ते पटेना म्हणून मी बुधवारी एकटीच परत गेले. आणि काय सांगू, आळीच्या तोंडाशीच ठकठक ऐकू यायला लागते, एका ठिकाणी थांबली की शेजारच्या दुकानातनं सुरू. एक काका जमिनीवर बसून घंगाळ्याचं मठारकाम करत होते. डाव्या हाताने घंगाळं कणकण फिरवायचं आणि उजव्या हाताने हातोडी, प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून, कुठे पट्टी नाही की खूण नाही, नुसत्या नजरेवर. या ठोक्यांनी नुसती चकाकी येत नाही, पत्रा कडक होतो, म्हणून ही भांडी पिढ्यान् पिढ्या टिकतात. मी बघत उभी आहे म्हटल्यावर म्हणाले, "घ्या ताई, मारून बघा." माझा ठोका ओळ सोडून पडला, त्यांनी काही न बोलता दोन टोल्यांत तो मिटवला.

आमच्या आजीचा तांब्याचा बंब स्टीलच्या नादात मोडीत गेला तेव्हा मी लहान होते, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आपण काय घालवलं.

तर माझं म्हणणं एवढंच, वॉकवाल्यांनी लाल महाल दहा मिनिटांत उरकावा आणि वाचलेला वेळ तांबट आळी, बांबूकाम करणाऱ्यांची बुरूड आळी, कुंभारवाड्याला द्यावा, आणि महिन्यातनं एखादा वॉक तरी कामाच्या दिवशी ठेवावा. तोवर तुम्ही स्वतःच जा. मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन आहे, गाडी अजिबात नेऊ नका, बोळांत लावायला जागाच नाही. लोक राहतात तिथे, त्यामुळे वाड्यांच्या दारातनं आत फोन घालून फोटो काढू नका, विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. भांडी वजनावर मिळतात, मी एक छोटा तांब्या घेतला, चिंचेने घासला की लख्ख निघतो.