गरोदरपणात जड वजन, बेताचं वजन की नुसतं चालणं? बाळंतपण डोळ्यांपुढे ठेवून केलेली तुलना

सोलापुरात जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांतल्या जिममध्ये नियमाने वजन उचलणाऱ्या मुली आता पुष्कळ दिसतात. त्यातल्या एखादीला दिवस गेले की घरात दोन टोकांची बोलणी सुरू होतात. आई म्हणते, "आता बादलीसुद्धा उचलायची नाही." आजी म्हणते, "आम्ही नववा लागेपर्यंत खुरपत होतो, म्हणून तर सुटका सोपी झाली." दोघींच्या बोलण्यात माया आहे, पण डंबेल ठेवायचं की उचलायचं हे त्यावरून ठरवता येत नाही.

आधी बाळंतपणात ताकद कुठे लागते ते पाहू. पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचं तोंड उघडतं आणि हे काम गर्भाशयाचा स्नायू आपणहून करतो. तो आपल्या हुकमात नसतो, त्यामुळे शंभर किलोचा डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) मारणारीच्या कळा जास्त जोरकस येतील असं काही नाही. दुसऱ्या टप्प्यात, बाळ खाली सरकताना जोर करायचा असतो, तेव्हा मात्र पोटाचे स्नायू, पाय, श्वासावरचा ताबा आणि दम कामाला येतात. उकिडवं बसणं, कुशीवर वळणं, गुडघ्यांवर येणं जमायलाही पायांत बळ लागतं. बाकी बाळाची ठेवण, पहिली खेप की दुसरी, वेदनाशामक इंजेक्शन घेतलं की नाही, यांचा हिशेब व्यायामाच्या बाहेरचा आहे.

जड वजन चालू ठेवणं

इथे पुरावा थोडा आहे आणि तो नीट वाचायला हवा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६७९ जणींची माहिती घेतली होती. या सगळ्यांनी गरोदर असताना स्वतःला एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं त्याच्या किमान ८० टक्के वजन उचललं होतं. ज्यांनी बाळंतपणापर्यंत आधीचाच व्यायाम टिकवला, त्यांच्यात गुंतागुंत कमी आढळली. आनंदाची बातमी आहे, पण ज्यांची तब्येत उत्तम असते त्याच शेवटपर्यंत उचलत राहतात आणि ज्यांना त्रास सुरू होतो त्या थांबतात. त्यामुळे वजनामुळे तब्येत चांगली राहिली, की तब्येत चांगली म्हणून वजन जमलं, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. माझं मत असं: वर्षानुवर्षं बारबेल (वजनांची लांब दांडी) हाताळलेल्या, तंत्र पक्कं असलेल्या, डॉक्टरांनी तपासून मोकळीक दिलेल्या बाईला हा पर्याय बंद करण्याचं कारण नाही. पण बाळंतपण लवकर उरकेल या आशेने तो कुणी निवडू नये. आणि दिवस गेल्यावर जड वजन पहिल्यांदा शिकायला घेणं, हे तर नकोच.

बेताचं वजन

बहुतेकींना मी हेच सुचवेन. वजन इतकंच की सेट संपला तरी आणखी तीन-चार वेळा उचलता आलं असतं, आणि उचलताना दोन वाक्यं बोलता यावीत. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. साधारण २० आठवड्यांनंतर उताणं झोपून करायचे व्यायाम टेकू देऊन, तिरक्या बाकावर करावेत, कारण पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येऊ शकते.

स्पेनमधल्या २००९ च्या एका चाचणीत हलक्या वजनांच्या व्यायामामुळे बाळंतपणाचा प्रकार बदलला नाही. व्यायाम करणाऱ्या आणि न करणाऱ्या, दोन्ही गटांत नैसर्गिक आणि सिझेरियनचं प्रमाण सारखंच होतं. तिथल्याच २०१८ च्या चाचणीत चालणं, ताकद आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असा एकत्र व्यायाम करणाऱ्यांचा पहिला टप्पा जवळजवळ तासाभराने कमी भरला. यापेक्षा मोलाचा फायदा वेगळाच आहे. नियमित व्यायामाने गरोदरपणातला मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांची शक्यता घटते, आणि कळा औषधाने आणाव्या लागण्याच्या, सिझेरियनच्या कारणांत ही दोन्हीही असतात.

नुसतं चालणं

ज्यांनी कधी व्यायाम केला नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम हा जगभर मान्य झालेला आकडा आहे. रोज सकाळी तलावाकाठी वीस-पंचवीस मिनिटं चाललं की तो गाठता येतो. उणीव एवढीच की पाठ आणि खांद्यांना बळ मिळत नाही, आणि पुढे बाळाला दिवसभर उचलायचं तर त्यांनाच असतं.

आता आजीच्या म्हणण्याकडे. शेतात, यंत्रमागावर, डोक्यावर हंडा घेऊन झालेले कष्ट आणि जिममधला सेट एक नव्हेत. जिममध्ये वजन आपण ठरवतो, दोन मिनिटं बसतो, पाणी पितो, नको वाटलं तर घरी जातो. कामावरच्या बाईला हे काहीच मिळत नाही, आणि रोज जड ओझं वाहावं लागणाऱ्या कामांचा संबंध अभ्यासांत लवकर होणाऱ्या प्रसूतीशी आढळला आहे. घरात कामाला येणारी मावशी गरोदर असेल, तर तिला पाण्याने भरलेली बादली उचलायला लावू नका. हे मला मनापासून सांगायचं आहे.

तिन्ही पर्यायांना आपल्या गावाच्या दोन अटी लागू आहेत. पहिली ऊन. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, पत्र्याच्या छताखालची जिम संध्याकाळीही भट्टीसारखी तापलेली असते, आणि शरीर फार तापणं पहिल्या तीन महिन्यांत बाळाला घातक ठरू शकतं. व्यायाम पहाटेच करा. दुसरी अट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आधी गोळ्या आणि आहार. फारच कमी असेल तर वजन बाजूलाच.

वार खाली असणं, गर्भाशयाचं तोंड सैल असणं, रक्तस्राव, आटोक्यात नसलेला रक्तदाब, बाळाची वाढ खुंटणं, तिळं: यात तुलना करत बसू नये, डॉक्टर सांगतील तेवढंच करावं. व्यायाम करताना अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, कळा ठरावीक वेळाने येऊ लागल्या, छातीत दुखलं किंवा पोटरी सुजली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

सिझेरियनची धास्ती घेऊन वजनं निवडणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहावा. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांत सुमारे ४७ टक्के, तर सरकारी दवाखान्यांत सुमारे १४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. दोन्हीकडचे रुग्ण सारखे नसतात, तरी दवाखाना निवडताना "तुमच्याकडे पहिल्या खेपेला किती सिझेरियन होतात?" हे विचारायला संकोचू नका.

ओटीपोटाचा तळ घट्ट झाला तर बाळ अडेल, ही भीती घालणारेही भेटतात. नॉर्वेतल्या ३०१ जणींच्या चाचणीत (२००४) उलट दिसलं: ते स्नायू आवळण्याचा सराव करणाऱ्यांमध्ये जोर करण्याचा काळ लांबण्याचं प्रमाण कमी होतं. मात्र आवळण्याइतकंच सैल सोडणंही शिकावं लागतं. शेवटच्या दोन महिन्यांत त्यालाच जास्त वेळ द्या.

आणि सातव्यात ओटी भरून माहेरी जाणार असाल, अक्कलकोट, बार्शी, कुठेही, तर तिथे जिम मिळेलच असं नाही. एक रबरी पट्टा बॅगेत टाका आणि इथल्या डॉक्टरांनी काय करायला परवानगी दिली ते फाईलमध्ये लिहून घ्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवता येईल.