यूपीएस की एनपीएस: साठच्या आधी नोकरी सोडायची असेल तर

केंद्र सरकारच्या नोकरीत नवीन जॉइन झालेल्यांना यूपीएस (युनिफाइड पेन्शन स्कीम, म्हणजे ठरलेलं पेन्शन) की एनपीएस (नॅशनल पेन्शन सिस्टीम, म्हणजे जमलेल्या रकमेवर अवलंबून पेन्शन) हा ऑप्शन द्यायला महिनाभरच मिळतो, त्यामुळे ऑफिसमधली नवी मुलं सारखी विचारतात, दादा तुम्ही काय घेतलंत? मी केंद्राच्या नोकरीत 2010 ला लागलो, 27 व्या वर्षी, आणि यूपीएस निवडायची 30 नोव्हेंबर 2025 ची मुदत गेली तरी एनपीएसमध्येच राहिलो.

यूपीएस वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. 25 वर्षं भरली की शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मं पेन्शन, वर महागाईप्रमाणे वाढ, आणि आपल्या माघारी जोडीदाराला त्याचे 60 टक्के. एनपीएसमध्ये अॅन्युइटीचा (जमलेल्या पैशातून विकत घ्यायच्या पेन्शनचा) आकडा बहुतेक एकदा ठरला की ठरला, तेलाचा डबा कितीही महागला तरी, आणि ही धाकधूक मलाही आहेच.

पण आई गावी एकटी असते, मला 52 ला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन तिच्याकडे जायचंय. यूपीएसमध्ये 20 वर्षांनी सुटता येतं हो, पण पेन्शन सुरू होतं ते नियमाने ज्या तारखेला रिटायर झालो असतो त्या तारखेपासून, म्हणजे 60 ला! मधली आठ वर्षं काय करायचं? मी तो नियम तीनदा वाचला, अकाउंट्समध्ये विचारून आलो, उत्तर तेच. आणि 60 तरी कायमचं कुठेय, 1998 ला 58 चं 60 झालंच की. केंद्रात आता तसा प्रस्ताव नाही असं केंद्रीय राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी लोकसभेत लेखी सांगितलंय, पण आपल्या राज्यात 58 चं 60 करा ही मागणी कितीतरी वर्षं चालूच आहे. उद्या केंद्रात 62 झालं तर माझ्यासारख्याची वाट अजून लांबेल अशी मला भीती वाटते. एनपीएसमध्ये 20 वर्षांनंतर व्हीआरएस घेतली तरी 60 टक्क्यांपर्यंत रक्कम हातात येते, बाकीच्याची अॅन्युइटी लगेच चालू.

शेजारच्या टेबलावरचे काका 37 व्या वर्षी लागले, त्यांची साठीपर्यंत 23 वर्षंच होतात, म्हणजे 25 च्या प्रमाणात 50 ऐवजी 46 टक्के, आणि रिटायरमेंटचं वय 62 झालं तर त्यांना पुरते 50 मिळतील. त्यांनी यूपीएस घेतली, त्यांच्यासाठी तेच बरोबर आहे.

ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांनी यूपीएस घेतली तरी एकदा एनपीएसमध्ये येता येतं, व्हीआरएसच्या तीन महिने आधीपर्यंत, पण मग परत फिरता येत नाही. मला मात्र आईकडे जाणं रिटायरमेंटच्या त्या एका तारखेवर टांगून ठेवायचं नव्हतं.