सुके झिंगे, कारुरूसाठी: ५ पैकी ३.५

नागपुरात सुटे मिळणारे सुके झिंगे कारुरूला, म्हणजे ब्राझीलमधल्या बाहियाच्या भेंडी-झिंग्यांच्या पदार्थाला, चालतात. फक्त तळाचा चुरा घेऊ नका, वाटण कचकचतं. डोकी-शेपट्या खुडून १५ मिनिटं कोमट पाण्यात भिजवा नि ते पाणी फेका, नाहीतर सगळं खारट.

अर्धा किलो भेंडीला १०० ग्रॅम झिंगे, ५०-५० ग्रॅम भाजलेले काजू नि शेंगदाणे, दोन कांदे, बोटभर आलं; सगळं वाटून तेलात परता. भेंडी धुऊन, पुसून, कोरडी झाल्यावरच बारीक चिरा नि त्या वाटणात शिजवा. तार थोडी राहणारच, ती कारुरूची ओळख. फार वाटली तर लिंबू पिळा. बिया गुलाबट दिसल्या की शिजली.

अडतं ते तेलाशी. कारुरूला लागतं देंदे, म्हणजे लालभडक, कच्चं पामतेल. किराण्यातल्या रिफाइंड पामतेलाला ना तो रंग, ना वास.