क्लच ‘बदलला’, पण गिअरबॉक्स उतरवलाच नव्हता

गाडीचा क्लच फार वर पकडतो, एवढीच माझी तक्रार होती. त्यावर माझ्याकडून एक लाख चाळीस हजार रुपये घेतले गेले, आणि ज्या कामाचे घेतले ते काम झालंच नाही. गॅरेज ठाण्यातलं आहे. नाव इथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगाकडे आहे. पण त्यांनी हे कसं केलं ते सविस्तर सांगतो, कारण हाच प्रकार कुठल्याही मॅन्युअल गाडीच्या मालकासोबत होऊ शकतो.

गाडी निसान ३७०झेड, सेकंडहँड घेतलेली, सहा गिअरची मॅन्युअल. ३.७ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन आणि ताकद मागच्या चाकांना. जीव लावावा अशी गाडी आहे, पण क्लच वर पकडणारा. पेडल जवळजवळ पूर्ण सुटत आलं की शेवटच्या थोड्याशा अंतरात सगळं घडतं. मोकळ्या रस्त्यावर त्याचं काही वाटत नाही. संध्याकाळी घोडबंदर रोडला कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत रांगत जायचं म्हटलं की डावा गुडघा बोलायला लागतो. पकड थोडी खाली आणून द्या, एवढंच मला हवं होतं.

हे काम पेडलच्या मुळाशी होतं. पेडलला जोडलेली पुशरॉड नावाची दांडी मास्टर सिलिंडरचा, म्हणजे क्लचच्या फ्लुइडवर दाब आणणाऱ्या पंपाचा, पिस्टन ढकलते. त्या दांडीला आटे असतात आणि ती जागेवर धरायला चेकनट. दांडी आखूड केली की पकड खाली येते, लांब केली की वर जाते. पाना, टॉर्च आणि डॅशबोर्डखाली आडवं पडायची तयारी एवढ्यावर अर्ध्या तासात होण्यासारखं काम. पेडल हलकं मात्र यातून होत नाही. तो क्लचच्या आणि पेडलच्या स्प्रिंगांचा विषय. ‘पकड खाली’ आणि ‘पेडल हलकं’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. गॅरेजमध्ये सांगताना त्या वेगळ्याच सांगा, नाहीतर समोरच्याला हवं ते ऐकायची सोय होते.

काउंटरवरच्या माणसाने एक चक्कर मारली आणि म्हणाला, “सर, बाईट एवढा वर आलाय म्हणजे प्लेट संपली. आणि या गाडीचा स्लेव्ह कधीही दगा देतो, नेटवर बघा. हायवेला पेडल खालीच राहिलं तर काय कराल?”

यातली स्लेव्हची गोष्ट खरी आहे. स्लेव्ह सिलिंडर म्हणजे त्या फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग. ३७०झेडचा स्लेव्ह बाहेर नसतो, बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या, आत गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळायला लागला की पेडल खाली जाऊन तिथेच राहतं, आणि तो बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ही दुखरी नस या गाडीच्या मालकांना माहीत असते, गॅरेजवाल्यालाही माहीत होती. खरी भीती पुढे करून त्याने खोटं निदान गळी उतरवलं.

प्लेटचं ते वाक्य खोटं होतं. प्लेट म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारी, घासून झिजणारी क्लचची चकती. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजली की पकड वर सरकते, हे मारुती ८०० चालवलेल्यांना पाठ असेल. माझ्या गाडीसारख्या हायड्रॉलिक, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये झीज आपोआप सांभाळली जाते. प्लेट पातळ होत जाते तसा स्लेव्हचा पिस्टन मागे सरकतो, तेवढं फ्लुइड त्याच्या साठवणीच्या डबीत परत जातं आणि पकड साधारण तिथेच राहते. प्लेट संपत आल्याची खरी खूण म्हणजे क्लच घसरणं. वरच्या गिअरमध्ये चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की आरपीएम पळतो आणि वेग तिथेच राहतो. माझ्या गाडीला तसं काहीच होत नव्हतं, आणि मी ते बोललोही. “सर, घसरेपर्यंत थांबलात तर फ्लायव्हीलपण जाईल.” प्रत्येक शंकेला उत्तर तयार होतं.

प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, स्लेव्ह, फ्लायव्हीलला (प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकाला) फेस मारणं म्हणजे ते घासून सपाट करणं, आणि मजुरी असा अंदाज दिला. पैसे फर्मच्या खात्यावर नाही, एका वैयक्तिक यूपीआय नंबरवर मागितले. काम बघायला आत येऊ का म्हटलं, तर “कस्टमर अलाउड नाही सर, इन्शुरन्सचा प्रश्न आहे.” गाडी परत देताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक झिजकी प्लेट हातात ठेवली आणि सोबत कच्चं बिल: ‘क्लच ओव्हरहॉल कम्प्लीट’. एकाही पार्टचा नंबर नाही, जीएसटी नंबर नाही.

पकड खाली आली होती, अगदी मनासारखी. पण पहिला गिअर अडायला लागला आणि रिव्हर्स टाकताना कर्र आवाज यायला लागला. “नवीन प्लेट आहे, सेट व्हायला वेळ लागतो,” असं फोनवर सांगितलं. खरं कारण असं की दांडी गरजेपेक्षा आखूड झाली तर पेडल तळाला टेकलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन थोडंसं गिअरबॉक्सला ओढतच राहतं, आणि त्याचा मार सिंक्रोंना, म्हणजे गिअर टाकताना त्यांचे वेग जुळवणाऱ्या रिंगांना, बसतो. गाडी परत नेली, त्यांनी ‘ॲडजस्ट’ करून दिली, आणि आता उलटं झालं. सकाळी गार असताना ठीक. ट्रॅफिकमध्ये तापली की पकड वर वर सरकायची, आणि गायमुखच्या चढाला क्लच जळल्याचा वास येऊन आरपीएम सुटायला लागला. जी गाडी कधी घसरत नव्हती, ती ‘नव्या’ क्लचवर घसरत होती. पुन्हा गेलो तेव्हा उत्तर मिळालं, “सर, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता, हे वॉरंटीत बसत नाही. आणि सिंक्रोपण बघावे लागतील, गिअरबॉक्स खोलावा लागेल.” त्याचा वेगळा आकडा.

तिथून मी गाडी तुर्भ्याला एका जुन्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी ती रॅम्पवर घेतली आणि मला खाली बोलावलं. बेल हाउसिंगच्या बोल्टांवर टॉर्च मारली. प्रत्येक बोल्टाच्या डोक्याभोवती ऑइल आणि धुळीचा काळा थर जसाच्या तसा, पाना लागल्याची एकही चमकती रेघ नाही. या गाडीचा गिअरबॉक्स काढायचा तर आधी एक्झॉस्टचे पाइप आणि मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवावा लागतो. पाइपांचे नट गंजून एकजीव झालेले होते. “भाऊ, हा गिअरबॉक्स अलीकडे कुणी उतरवलेलाच नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी ब्लीडरला, म्हणजे फ्लुइड बाहेर काढायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावली आणि मला पेडल दाबायला सांगितलं. नळीतून काळपट, गढूळ फ्लुइड आलं. “स्लेव्ह नवा बसवला तर लाइन उघडावीच लागते, फ्लुइड नवं भरावंच लागतं. हे मधासारखं दिसायला पाहिजे होतं.” डिकीतली वर्तमानपत्रातली प्लेट त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितली. लहान गाडीची प्लेट ती, या इंजिनाला एवढीशी पुरणारच नाही, असं त्यांनी सांगितलं. फ्लायव्हीलला फेस मारल्याची ओळ वाचून त्यांनी मान हलवली. कंपनीचं फ्लायव्हील ड्युअल-मास आहे, दोन भाग आणि मध्ये स्प्रिंगा. साध्या फ्लायव्हीलसारखा त्याला लेथवर फेस मारत नाहीत.

शेवटी डॅशबोर्डखाली बघितलं. अख्ख्या गाडीत हात लागलेली जागा ती एकच. चेकनटवर पान्याचे ताजे ओरखडे, आणि नट इतका सैल की मी तो दोन बोटांनी फिरवला. दांडी इतकी लांब केली होती की पेडलला मोकळी चाल उरलीच नव्हती. मोकळी चाल म्हणजे पिस्टनवर दाब यायच्या आधी पेडल जे थोडे मिलिमीटर नुसतं हलतं ते. ती संपली की मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि फ्लुइडला डबीत परतायचं बारीक छिद्र बंद राहतं. फ्लुइड तापून फुगतं, त्याला वाट मिळत नाही, आणि पेडलवर पाय नसतानाही क्लच किंचित दाबलेला राहतो. म्हणून तो घसरत होता. माझ्या पायाचा काही संबंध नव्हता.

मेस्त्रींनी दांडी थोडी थोडी फिरवत, दर वेळी मोकळी चाल हाताने तपासत आणि रिव्हर्स टाकून बघत पकड मधोमध आणली, चेकनट घट्ट केला आणि फ्लुइड बदलून दिलं. क्लच जुनाच आहे, आणि आता घसरत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर गिअरबॉक्स गाडीखाली उतरलेला असताना स्वतः बघायचा आग्रह धरा. नंबर प्लेटसकट फोटो घ्या. नकार मिळाला तर गाडी तिथून काढा. नव्या पार्टांचे डबे आणि पार्ट नंबर बसवण्याआधी बघून घ्या. पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका, आणि वैयक्तिक नंबरवर तर मुळीच नाही. हायड्रॉलिक क्लच वर पकडतो म्हणून कुणी प्लेट संपल्याचं सांगितलं, तर घसरण्याची चाचणी त्याला सोबत बसवून करा.

आधीच फसला असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. माझ्या तक्रारीला बोल्टांचे फोटो, यूपीआयची पावती, कच्चं बिल आणि मेस्त्रींनी लिहून दिलेला अहवाल जोडला आहे. प्लेटही जपून ठेवली आहे. अशी कागदात गुंडाळलेली प्लेट तुम्हालाही कुणी दिली असेल, तर ती भंगारात देऊ नका.