फ्रेंच शिवण की चपटी शिवण?

कापडाच्या कडा आत बंद करणाऱ्या या दोन्ही शिवणींना टीप दोनदाच लागते, तरी नवशिक्याने सुरुवात फ्रेंच शिवणीने करावी. उलट बाजू एकमेकींना लावून ९ मिलिमीटरवर पहिली टीप मारावी, कडा ३ मिलिमीटरपर्यंत कापाव्यात, मग इस्त्री करून सुलट बाजू समोरासमोर आणून ६ मिलिमीटरवर दुसरी टीप मारावी; कापताना एखादा धागा लांब राहिला, तर तो सुलट बाजूने हमखास डोकावतो. मलमलीसारख्या तलम कापडाला ती शोभते, जाड कापडात मात्र फुगते. तिथे जीन्सवर दिसणारी चपटी शिवण सरस ठरते: एक कड अर्धी कापून दुसरी तिच्यावर दुमडायची आणि वरून टीप मारायची. ती मजबूत खरी, परंतु तिचा वाकडेपणा लपत नाही, आणि अरुंद बाहीत तर ती घालणे जिकिरीचेच असते.